हिंदी महासागरातली चौकट

आमच्या दैनिकात जगाचा नकाशा छापायचा असला की एक गोष्ट कुणाला सांगावी लागत नसे. नकाशाची सूची, म्हणजे कोणत्या खुणेचा अर्थ काय हे सांगणारी छोटी चौकट, हिंदी महासागरात जात असे. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधली जागा चित्रकाराला मोकळी दिसे, मुख्य उपसंपादकांना मोकळी दिसे आणि मलाही. मी परदेशी बातम्यांच्या टेबलावर होतो. टेलिप्रिंटरवर इंग्रजीत आलेला मजकूर मराठीत करायचा आणि गरज पडली तर नकाशाचा कच्चा आराखडा चित्रकाराकडे द्यायचा, हे माझे काम. आराखड्याच्या कोपऱ्यात "चौकट समुद्रात" असे लिहिले की पुरे होई. कोणत्या समुद्रात, हे चित्रकाराने कधी विचारले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका रविवारी आम्ही परदेशांत राहणाऱ्या मराठी माणसांवर पुरवणी काढली. अर्धे पान जगाचा नकाशा होता. जिथे मराठी लोक आहेत तिथे काळा ठिपका. सोमवारी दुपारी एक बाई ते पान घेऊन कार्यालयात आल्या. वय तिशीच्या आसपास, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पान मुख्य उपसंपादकांच्या टेबलावर पसरले आणि चौकटीवर बोट ठेवले.

"क्षमा असावी. आपण माझ्या देशावर ही पेटी ठेवली आहे."

मराठी स्वच्छ होती, पण पाठ्यपुस्तकातली. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी "छापील बोलतात बाई" असे पुटपुटले. बाई मॉरिशसच्या होत्या. त्यांच्या घराण्यातल्या माणसांना काही पिढ्यांपूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यांवर कामाला नेले होते. आता घरात क्रेओल ही तिथली बोली बोलली जाई, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच चाले आणि मराठी हा एक ऐच्छिक विषय होता. त्या तिथल्या एका प्राथमिक शाळेत तो विषय शिकवीत. पुण्यात शिष्यवृत्तीवर आल्या होत्या आणि ती संपत आली होती.

मुख्य उपसंपादक नकाशाकडे पाहत राहिले. पुरवणीतल्या लेखात मॉरिशसवर दोन परिच्छेद होते. नकाशात मॉरिशसच्या जागी चौकट होती आणि चौकटीत लिहिले होते : काळा ठिपका, मराठी भाषक असलेले देश.

"लेखात आहे की तुमचा देश," ते म्हणाले. "चांगला सविस्तर आहे."

"लेख वाचायला मराठी यावी लागते, साहेब. नकाशा कोणीही पाहतो."

"शुद्धिपत्र देऊ. उद्या, आतल्या पानावर."

"शुद्धिपत्र भिंतीवर लावता येत नाही. मला नकाशा हवा आहे."

मग त्यांनी काय झाले ते सांगितले. पुण्याहून कुणीतरी भेट म्हणून आणलेला जगाचा मराठी नकाशा त्यांनी वर्गात टांगला होता. मुले नकाशासमोर उभी राहिली की आधी आपले घर शोधतात. या मुलांनी आफ्रिका शोधली, मादागास्कर शोधले, तिथून बोट उजवीकडे नेले. बोट एका चौकटीवर थांबले. चौकटीत प्रमाण होते, सूची होती आणि प्रकाशकाचा पत्ता होता. एका मुलीने विचारले, "मिस, मराठीत आपण नाही का?" पुढच्या सत्रात त्या मुलीच्या आईने तिचा विषय बदलला आणि तिच्या दोन मैत्रिणीही गेल्या. ज्या भाषेच्या नकाशात आपला देशच नाही ती कशाला शिकायची, असे त्या आईने शाळेत येऊन सांगितले. बाईंनी नकाशा उतरवून ठेवला.

"वर्ग लहान होत गेला तर तो बंद करतात," त्या म्हणाल्या. "मी परत जाईन तेव्हा माझ्याजवळ आमचा देश असलेला मराठी नकाशा असलाच पाहिजे."

तेवढ्यात आमचा चित्रकार आला. तोंडात पान, कानावर पेन्सिल. त्याने सगळे ऐकून घेतले.

"समुद्रात नाही टाकायची तर चौकट टाकायची कुठं? मध्य प्रदेशात?"

"तिथे माणसे राहतात ना?" बाईंनी विचारले.

"राहतात."

"आमच्याकडेही राहतात."

चित्रकाराने शेजारची खुर्ची ओढली आणि त्यांना बसायला दिली. मुख्य उपसंपादकांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही जा यांच्याबरोबर अप्पा बळवंत चौकात. मिळाला तर नकाशा मिळेल, नाही मिळाला तर बातमी मिळेल."

अप्पा बळवंत चौकात तेव्हाही पाठ्यपुस्तके, वह्या आणि शाळेच्या सामानाची दुकाने ओळीने होती. पहिल्या दुकानदाराने गुंडाळी उलगडली. हिंदी महासागरात चौकट होती. दुसरी उलगडली. चौकट नव्हती, पण त्या जागी सूर्यमाला काढलेली होती.

"ह्यात कमी काय आहे?" दुकानदाराने विचारले.

"मॉरिशस."

"परीक्षेत येतं का?"

"नाही."

"मग कशाला शोधताय?"

पुढच्या दुकानातल्या नकाशात त्या जागी होकायंत्राचे फूल होते, त्याच्या पुढच्यात प्रकाशकाच्या इतर तक्त्यांची जाहिरात. एकात एक बारीक ठिपका मिळाला, पण त्याला नाव नव्हते. बाई प्रत्येक नकाशा पूर्ण उलगडायला लावीत आणि पाहून झाला की स्वतः नीट गुंडाळून परत देत. शेवटच्या दुकानदाराचा संयम सुटला. "पृथ्वी एवढीच येते, बाई. मोठी आली की कळवू तुम्हाला."

त्या दुपारी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बंगालच्या उपसागरात कुणीही काही छापले नव्हते. तिथे अंदमान होते. अरबी समुद्रात लक्षद्वीपचे ठिपके होते आणि त्यांच्यावरही कुणी सूर्यमाला काढली नव्हती. आपली बेटे कुठे आहेत हे नकाशा करणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. त्याच्या खालचे पाणी त्यांच्या लेखी सामान ठेवायची जागा होती. ही गोष्ट मी बाईंना सांगितली. "मी पहिल्याच दुकानात पाहिले," त्या म्हणाल्या.

सगळ्यात जास्त खपणारा नकाशा ज्याचा होता त्या प्रकाशकाचे कार्यालय शनिवार पेठेत होते. तळमजल्यावर छापखाना आणि वर बसायची जागा. प्रकाशक साठीचे होते. त्यांनी बाईंना बसायला सांगितले, चहा मागवला आणि पूर्ण ऐकून घेतले. मग भिंतीवरच्या आपल्याच नकाशापाशी जाऊन चौकटीकडे जवळून पाहिले.

"ही चौकट माझ्या वडिलांच्या वेळेपासून इथं आहे," ते म्हणाले. "शाळाखात्याची मंजुरी आहे ती अशीच्या अशी आहे. चौकट हलवली की पुन्हा मंजुरी. एका नकाशासाठी ते होत नाही, बाई. मी हजारांनी छापतो."

"म्हणजे चूकही हजारांनी होते."

प्रकाशकांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपण पुण्याच्या नाही ना?" एवढेच त्यांनी विचारले.

"नाही."

"बोलण्यावरून वाटलं नाही."

नकार मिळाला होता. आम्ही जिना उतरलो. खाली यंत्र चालू होते आणि नेमका तोच नकाशा छापला जात होता. यंत्र एका वेळी एकच रंग छापणारे होते. आधी फिके रंग, काळा शेवटी. देशांची नावे, सीमा, किनारे, चौकटीतली अक्षरे हे सगळे काळ्या रंगात असते. काळा अजून व्हायचा होता. लाकडी फळ्यांवर नुसत्या रंगांचे कागद वाळत पडले होते. पिवळा, गुलाबी, हिरवा, भोवती निळे पाणी. एकाही देशाला नाव नव्हते.

बाई तिथेच थांबल्या. कागदाला हात न लावता त्या वाकून पाहत राहिल्या. मग उलट जिना चढून वर गेल्या. मी मागोमाग गेलो.

"खाली वाळताहेत त्यातला एक कागद मला द्याल?"

"तो अर्धवट आहे," प्रकाशक म्हणाले. "त्यावर काहीच लिहिलेलं नाही."

"म्हणूनच मागते आहे. मी लिहीन."

प्रकाशकांनी खिडकीतून खाली हाक मारली आणि यंत्रावरच्या माणसाला एक कागद काढून ठेवायला सांगितले. पैसे घ्यायला ते तयार झाले नाहीत. यंत्रावरच्या माणसाने कागद देताना एक सूचना केली. "मजकूर नाही, पण चौकट आहेच बरं का. निळा तिथं लागतच नाही." खरेच होते. हिंदी महासागरात एक पांढराशुभ्र आयत होता.

बाई येरवड्यात एका मुस्लिम कुटुंबाकडे पैसे देऊन राहत होत्या. घरमालकिणीला त्या खाला, म्हणजे मावशी, म्हणत. खालांच्या यजमानांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि खालांचा धाकटा भाऊ कुवेतला नोकरीला होता. नकाशा पसरायला बाईंची खोली पुरेना, म्हणून खालांनी बैठकीतली सतरंजी गुंडाळून ठेवली आणि फरशीवर जागा करून दिली. रविवारी सकाळी चित्रकार रंगांची पेटी घेऊन आला. त्याला मी बोलावले नव्हते. नकाशा विकत मिळाला नाही तर लागेल म्हणून बाईंनी सोमवारीच त्याला पत्ता देऊन ठेवला होता.

पहिले काम पांढरा आयत बुजवण्याचे. छापलेला निळा बारीक ठिपक्यांचा असतो. हाताने लावलेला रंग त्याच्याशी मिळत नाही. चित्रकाराने बशीत तीन वेळा रंग कालवला, कागदाच्या कडेला लावून पाहिला आणि मान हलवली. "डाग दिसणार. इथं समुद्र जास्तच निळा होणार."

"दिसू द्या."

"आमच्या कामात दिसलेलं चालत नाही, बाई."

"आमच्या कामात चालते. मुले विचारतील की इथे वेगळा का आहे. मग मला सांगता येईल."

रंग वाळल्यावर त्यांनी ॲटलास उघडला. त्या पुस्तकात मॉरिशस होते, पण वर्गातल्या मुलांना मागच्या बाकावरून दिसेल असे नव्हते. पेन्सिलीने मोजून त्यांनी एक ठिपका दिला. मग दुसरा. दुसरा रॉड्रिग्ज, तोही त्यांच्याच देशाचा. मग रियुनियन, मग सेशेल्स. चित्रकार म्हणाला, "एकच बेट म्हणाला होतात."

"शेजारी पण झाकले गेले होते."

तेव्हा कळले की एका चौकटीखाली किती वस्ती होती.

किनारे आणि सीमा चित्रकाराने शाईने ओढल्या. नावे मात्र बाईंनी स्वतः लिहायची असे ठरले, आणि तिथे काम अडले. मी कार्यालयातला परिपाठ सांगितला. देशाने नाव बदलले तर आम्ही वाचकाच्या ओळखीचे जुने नाव आधी देत असू आणि नवे कंसात, वाचक सरावला की उलट. अपर व्होल्टाने नुकतेच बुर्किना फासो हे नाव घेतले होते आणि आमच्याकडे ते अजून कंसात होते. बाईंनी सरळ बुर्किना फासो लिहिले.

"त्यांनी बदलले ना? मग झाले."

पण हा नियम युरोपात टिकेना. फिनलंडचे लोक आपल्या देशाला सुओमी म्हणतात. हंगेरीचे लोक स्वतःला माग्यार म्हणवतात. जर्मनी हे नाव जर्मन माणूस घरात घेत नाही, तो डॉइचलंड म्हणतो. जपानचा निप्पोन. आशियात ब्रह्मदेश होता, आणि हे नाव आपल्याकडेच चालते, तिथला माणूस ते ऐकून मागे वळूनही पाहणार नाही. इतकी वर्षे मी ही नावे रोज लिहीत होतो. त्या त्या देशात ती कुणी वापरत नाही हे मला तुटक तुटक माहीत होते, पण एका कागदावर एकत्र पाहिले नव्हते. सगळीच नावे त्यांची त्यांची लिहावीत तर मुलांना मराठी वर्तमानपत्र वाचता येणार नाही. सगळी मराठीच लिहावीत तर ती चौकटच पुन्हा वेगळ्या रूपात येईल, असे बाईंचे म्हणणे.

शेवटी त्यांनी ठरवले. वर मोठ्या अक्षरांत मराठीत रूढ असलेले नाव. खाली, जागा असेल तिथे, बारीक अक्षरांत ते लोक स्वतःला जे म्हणतात ते.

खाला दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी आधी कुवेत दाखवायला लावले. "एवढंसं? आणि माझा भाऊ म्हणतो, फिरायला वेळ नाही मिळत." मग बाईंनी इजिप्त लिहिलेले पाहून म्हणाल्या, "हे काय नवीनच? मिसर म्हण की. कुराणात पण मिसरच आहे."

"खाली तेच लिहिते आहे, खाला."

"खाली कशाला? वर लिही."

"वर लिहिले तर मुले पेपरात शोधतील आणि त्यांना सापडणार नाही."

"मग पेपरवाल्यांना सांग." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बसलेत ना इथंच."

भारताखाली काय लिहायचे, असा प्रश्न चित्रकाराने काढला. बाईंनी विचार केला आणि ती जागा मोकळी ठेवली. घरात आणि मराठीत एकच नाव असलेला देश, त्याला दुसरी ओळ लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. सूची त्यांनी वेगळ्या पट्टीवर लिहून नकाशाच्या खाली, कडेबाहेर चिकटवली.

काम पुढे अनेक संध्याकाळी चालले. मी पाळीच्या आधी जात असे, चित्रकार सुट्टीच्या दिवशी. मुंबईहून विमान होते आणि तिकीट आधीच काढलेले होते, त्यामुळे पुढे ढकलायला जागा नव्हती. आफ्रिकेत एका ठिकाणी शाई सांडली, ती खरवडून पुन्हा रंग द्यावा लागला. दक्षिण अमेरिका बाईंनी एका बैठकीत संपवली. स्वतःच्या देशाचे नाव त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवले होते.

मॉरिशस हे नाव त्यांनी मादागास्करच्या अक्षरांएवढ्या अक्षरांत लिहायला घेतले. चित्रकार अस्वस्थ झाला.

"बेटापेक्षा नाव मोठं होतंय. प्रमाण म्हणून काही असतं."

"समुद्रात जागा आहे, असे आपलेच म्हणणे होते."

खाला मोठ्याने हसल्या. चित्रकारही हसला आणि पट्टी धरून उभा राहिला. नाव त्या जास्त निळ्या तुकड्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले.

खालची ओळ राहिली. तिथे त्यांचे लोक काय म्हणतात ते लिहायचे होते आणि त्यांच्याजवळ दोन नावे होती. आजी मिरीच म्हणत असे. गलबतातून आलेल्या मजुरांनी देशाला दिलेले ते नाव. घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर ते संपत आले होते. आणि क्रेओलमध्ये मोरिस. मुले खेळताना, भांडताना, बाजारात हेच म्हणतात. जागा एकाच नावाला होती. मी म्हणालो, मिरीच लिहा, ते कुठल्याच नकाशात नसेल. वर्तमानपत्रातल्या माणसाला असेच सुचणार.

बाईंनी मोरिस लिहिले.

"आजीला नकाशा नको होता," त्या म्हणाल्या. "तिला ठाऊक होते ती कुठे आहे. हा मुलांसाठी आहे. त्यांना खालची ओळ न शिकवता वाचता आली पाहिजे."

जाण्याच्या आदल्या दिवशी नकाशा गुंडाळून एका प्लॅस्टिकच्या नळीत घातला. नळी खालांच्या यजमानांनी शेजारच्या नळदुरुस्तीवाल्याकडून आणली आणि मोजून कापून घेतली. निघताना वाटेत बाई शनिवार पेठेत थांबल्या. प्रकाशकांच्या टेबलावर त्यांनी नकाशा उलगडला. प्रकाशकांनी चष्मा बदलून पाहिला. खालची पट्टी पाहिली, बारीक अक्षरे पाहिली. आश्वासन काही दिले नाही. मंजुरीचा अर्ज कुणाकडे करायचा ते बाईंनी विचारून घेतले आणि तिथेच, त्यांच्या समोर बसून, स्वच्छ मराठीत तो लिहिला. प्रकाशकांनी वाचून परत दिला. "यात एक वाक्य वाढवा," ते म्हणाले. "प्रकाशकाची हरकत नाही, असं." बाईंनी वाढवले. त्यांनी खाली सही केली.

त्यानंतर आमच्या कार्यालयात चौकट कुठे टाकायची हे प्रत्येक वेळी लिहावे लागू लागले, कारण मी आधी ॲटलास उघडून तिथे काय आहे ते पाहत असे. पॅसिफिकमध्ये टाकावी तर तिथेही बेटे निघत. मुख्य उपसंपादक वैतागले. "अंटार्क्टिकावर टाका आता. तिथून कुणी पान घेऊन येणार नाही." काही दिवस आम्ही तसे केले आणि मग चौकट नकाशाच्या बाहेर घेतली.

पुढे त्याच शिष्यवृत्तीवर दुसरा एक शिक्षक मॉरिशसहून आला. बाईंनी त्याला आमच्याकडे पाठवले होते. नकाशा वर्गात लावला आहे, असे त्याने सांगितले. विषय बदललेली मुलगी परत आली नव्हती, तिची धाकटी बहीण मात्र आली होती. त्या वर्षी वर्ग चालू राहिला. पुढच्या वर्षाचे अजून ठरायचे होते.

"मुलं काय म्हणतात?" चित्रकाराने विचारले.

"तक्रार करतात," तो म्हणाला. "आमचे गाव नकाशात कुठे आहे म्हणून विचारतात. एवढ्याशा ठिपक्यात गाव कसे दाखवणार? बाईंनी विचारले आहे, आमच्या एकट्या बेटाचा मोठा नकाशा मराठीत कोणी करते का पुण्यात."

कुणी करत नव्हते. मी चौकशी केली, चित्रकाराने केली, शनिवार पेठेतही विचारून पाहिले. तसे आम्ही त्या शिक्षकाला सांगितले.

"ते बाईंना वाटलेच होते," तो म्हणाला. "म्हणून त्यांनी काढायला सुरुवात केली आहे. किनारा झाला आहे. आता त्या गावोगाव जाऊन विचारताहेत, तुम्ही आपल्या गावाला काय म्हणता."